दगडी घराची मधली भिंत काढायची तर गर्डरच्या आधी भिंतीकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाई परिसरात शंभरेक वर्षांचे दुमजली घर. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दोन फूट जाडीची काळ्या दगडाची भिंत. वर माडीवर तीच भिंत आढ्याच्या खालपर्यंत गेलेली. दोन्ही बाजूंच्या कड्या (माडीची जमीन पेलणारी आडवी लाकडे) या भिंतीत रुतलेल्या, वर मंगलोरी कौले. दोन्ही खोल्या एक करण्यासाठी दहा फुटांची मोकळी जागा हवी. ठेकेदाराचे म्हणणे असे की १५० चे, म्हणजे १५० मिमी उंचीचे, दोन गर्डर टाकू आणि दोन दिवसांत काम संपवू. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. गर्डर लहान आहे, आणि त्याहून मोठी चूक ‘दोन दिवसांत’ या शब्दांत आहे. हे काम करता येते, नीट केले तर घराला काही होत नाही. पण त्याला नऊ ते दहा आठवडे लागतात, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ गर्डर घरात येण्याआधीच्या तयारीचा असतो. का, ते सांगतो.

काळ्या दगडाची जुनी भिंत बाहेरून एक दिसते, पण असतात दोन भिंती. दोन्ही तोंडांना घडीव किंवा अर्धघडीव दगड, प्रत्येकी नऊ ते दहा इंच खोल, आणि मधल्या पोटात चिपा, गोटे, माती. मातीतल्या बांधकामात हे पोट सुटेच असते. चुन्यातल्या कामात थोडे बांधलेले असते, पण चुना किती आणि कसा घातला ते गवंड्यावर अवलंबून. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड मध्ये मध्ये असायला हवा, आणि बहुतेक घरांत तो फार थोड्या ठिकाणी असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंतींची तोंडे एकमेकांपासून सुटली, फुगली आणि माळवदाच्या जड मातीसह लोकांवर कोसळली. त्यानंतर भूकंपभागात उभ्या घरांच्या भिंतींना आरपार टाके (दोन्ही तोंडांना शिवून ठेवणारे सळी-काँक्रीटचे सांधे) घालण्याची पद्धत रुजली. तुमच्या कामाची सुरुवात त्या टाक्यांनीच करायची आहे.

अशा भिंतीचा तोंडाचा एक दगड खालच्या थरातून उपसा. पोत्याला टोच मारल्यावर ज्वारी जशी धार धरून येते तशी मधली कोरडी माती येऊ लागते. ती थांबते तेव्हा वर हातभर पोकळी झालेली असते आणि दोन्ही तोंडे त्या जागी एकेकटी उभी असतात. विटेच्या भिंतीत भोक पाडले तर वरच्या विटा आपोआप कमानीसारख्या एकमेकींना धरतात, म्हणून वजनाचा फक्त त्रिकोण गर्डरवर धरतात. सुट्या पोटाच्या दगडी भिंतीत ही सवलत घेऊ नका. वरची सगळी उंची गर्डरवर आली असेच धरून चालायचे.

आता वजन काढू. गर्डरच्या माथ्यापासून वाशापर्यंत भिंतीची उंची ३ मीटर, जाडी ०.६ मीटर, दगडी बांधकाम घनमीटरला २.४ टन. म्हणजे मीटरमागे ४.३ टन. दोन्ही खोल्यांची रुंदी ३.६ मीटर धरली तर या भिंतीवर दोन्हीकडचा अर्धा अर्धा, मिळून ३.६ मीटरचा पट्टा येतो. कडीपाट, त्यावरची माती, कोबा आणि माणसे-सामान मिळून चौरस मीटरला ५०० किलो धरा: १.८ टन. कौलारू छप्पर ०.५ टन. गर्डर आणि त्यांच्यामधले काँक्रीट ०.४ टन. एकूण मीटरमागे ७ टन. तुमच्या खोल्यांची मापे वेगळी असतील तर आकडा बदलेल, आणि माडीवरची भिंत नऊ इंची विटेची निघाली तर तो बराच खाली येईल. म्हणून आधी माडीवर जाऊन भिंतीची जाडी दारापाशी प्रत्यक्ष मोजा.

दहा फूट मोकळी जागा म्हणजे ३ मीटर, दोन्ही टोकांचे ४०-४० सेंमी टेकण धरून हिशेबाचा गाळा, म्हणजे दोन टेकणांच्या मध्यांमधले अंतर, ३.४ मीटर. वाकवणारा जोर १० टन-मीटरच्या आसपास येतो. आयएसएमबी १५० चे (१५० मिमी उंचीचे बाजारातले आय-आकाराचे) दोन गर्डर यावर घातले तर पोलादातला ताण चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटनच्या आसपास जातो. साधे पोलाद २५० ला कायमचे वाकते. वाक कागदावरच ४ सेंमी निघतो, आणि दगडी भिंत एवढा वाक सोसत नाही. याच जागी आयएसएमबी ३०० चे दोन घातले तर ताण ८७ आणि वाक साडेतीन मिलिमीटर. ताणाच्या हिशेबाने याहून लहान गर्डरही चालेल, पण येथे निवड वाकावरून करायची असते. गर्डर सेंटीमीटरभर वाकला तरी तो स्वतः सुखरूप असतो, वरच्या भिंतीला मात्र तिरक्या भेगा जातात आणि माडीचे दार चौकटीत अडकते.

दहा फूट खरोखर हवेत का, याचाही विचार करा. जोर लांबीच्या वर्गाने वाढतो. चार फुटांच्या दारासाठी हाच आकडा पाचव्या हिश्श्यावर येतो, टेकूंची व्यवस्था सोपी होते आणि घराची आडवी ताकद बरीचशी शाबूत राहते. चार-चार फुटांची दोन मोकळी दारे आणि मध्ये चार फुटांची मूळ भिंत ठेवली तर उजेड आणि वावर दोन्ही साधतात. भिंतीत जुने फडताळ किंवा आरपार कोनाडा असेल तर तिथून सुरुवात करणे सोयीचे, कारण तिथे जाडी आधीच कमी असते. कोयनेच्या परिसरात, जिथे ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप अजून लोकांच्या आठवणीत आहे, तिथे लांबीच्या निम्म्याहून जास्त भिंत उघडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कोपऱ्यापासून निदान १.२ मीटर भिंत तर कोणत्याही गावात सोडावीच.

पाहणीत चार गोष्टी नक्की करा. पहिली, वजन खरोखर भिंतच पेलते का. वाड्याच्या बांधणीत खणाखणाने लाकडी खांब आणि त्यावर तुळई असते, आणि भिंत नंतर खांबाभोवती भरलेली असते. प्लॅस्टर दोन-तीन ठिकाणी खरवडून पाहा. भिंतीत गाडलेला सागवानी खांब निघाला तर त्याचा तळ तपासा. तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) टेकलेला खांब बाहेरून खणखणीत आणि आतून वाळवीने पोकळ असू शकतो. स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, बोटभर आत गेला तर तो खांब नसल्यासारखाच धरा.

दुसरी, कड्यांची टोके. भिंतीत रुतलेले टोक ओलाव्याने कुजते, वरचा भाग मात्र उत्तम असतो. प्रत्येक कडीच्या टोकाशी दोन्ही बाजूंनी टोचून पाहा आणि खराब कड्यांवर खडूने खूण करा. तिसरी, पाया. जोत्यालगत भिंतीच्या दोन्ही बाजूंना एक-एक लहान खड्डा घेऊन जुन्या पायाची रुंदी, खोली आणि खालची जमीन बघायची. मुरूम किंवा मांजऱ्या खडक असेल तर चांगले. काळी माती असेल तर पुढचे सगळे पायाचे आकडे बदलतात आणि ते अभियंत्यानेच ठरवायचे.

चौथी गोष्ट सहसा कोणी बघत नाही: फरशीखाली पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, आहे का. जुन्या घरांत धान्याचे पेव बुजवून त्यावर शहाबादी घातलेली असते. पहारीच्या मागच्या टोकाने सगळी जमीन ठोकत जा. आवाज भरीव येता येता एकदम घुमला तर तिथे टेकू उभा करू नका, आधी ती जागा उकरून भरा.

भिंत भाऊबंदांशी सामायिक असेल तर मिळकत पत्रिका आणि लेखी संमती आधी घ्या. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही केलेला नकाशा हवा. वर दिलेले आणि पुढे येणारे आकडे प्रश्नातल्या घरासाठी आहेत. तुमच्या अभियंत्याने ते तुमच्या मापांवर पुन्हा काढायचे आहेत.

काम पावसाळ्यात काढू नका. मातीतली भिंत ओली असताना तिची ताकद फार घटते. डिसेंबर ते मे हा काळ धरा.

आता टाके. गर्डरच्या पातळीच्या वरची सगळी भिंत, आणि मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर, एवढ्या भागात ९० सेंमी अंतरावर आडव्या-उभ्या ओळीत, एकाआड एक सरकवून, आरपार टाके घालायचे. एका तोंडाचा एक बेताचा दगड छिन्नीने सैल करून हळूच काढायचा, हाताने माती उकरत पलीकडच्या तोंडापर्यंत ७५ मिमीचे भोक न्यायचे आणि पलीकडचाही एक दगड काढायचा. भोक दोन्ही तोंडांशी रुंद, मध्ये अरुंद, डमरूसारखे. हातमोजे घाला, अशा भिंतीत विंचू असतात. तळाला दोन बोटे काँक्रीट घालून त्यावर दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिमीची सळी ठेवायची आणि १:२:४ चे (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट ठासून भरायचे. दहा दिवस ओली पोती लावून पाणी, पण पिचकारीने. नळी लावून भिंत भिजवली तर आतली माती सैल होते. या घरात असे वीसएक टाके होतील. शेजारी शेजारी दोन भोके एका दिवशी उघडू नका.

भिंत चुन्यातली असेल आणि पोटात पोकळ्या असतील तर याशिवाय जलचुन्याचे (पाण्यातही घट्ट होणाऱ्या चुन्याचे) पातळ ग्राउट, म्हणजे ओतता येईल असा माल, खालून वर, फूट-दीड फुटाच्या टप्प्याने, केवळ उंचीवरून येणाऱ्या दाबाने सोडावे. मातीतल्या भिंतीत ग्राउट पसरत नाही, मातीच्या गाळात अडकून राहते आणि त्यातले पाणी नुकसान करते. तिथे टाक्यांवरच भर द्या. निव्वळ सिमेंटची स्लरी कोणत्याच जुन्या भिंतीत ओतू नका.

टाके मुरले की दोन्ही टोकांचे खांब. गर्डरच्या प्रत्येक टोकाला १२ टन येणार आहेत, आणि ते मातीतल्या दगडी भिंतीवर चाळीस सेंमीच्या टेकणावर सोडणे म्हणजे तोंडाच्या दोन-चार दगडांवर सोडणे. शिवाय भिंत कापली की कापलेल्या कडेला पोट उघडे पडते आणि तिथून माती गळत राहते. खांब ही दोन्ही कामे एकदम करतो: वजन खाली नेतो आणि भिंतीची उघडी कड बंद करतो. म्हणून खांब गर्डरच्या आधी.

प्रत्येक खांबासाठी भिंतीत ४० सेंमी रुंद उभी खाच, गर्डरच्या माथ्याच्या उंचीपर्यंत. सगळ्यात आधी खाचेच्या डोक्यावर एक आडवा चॅनेल किंवा लांब दगड घट्ट बसवायचा, मग त्याच्याखाली वरून खाली दगड काढत यायचे. बाजूच्या उघड्या कडांना फळ्या आणि आडवे टेकू लगेच लावा. ब्रेकर मशीन वापरू नका, तिच्या हादऱ्याने पोटातली माती बसते आणि वर न दिसणारी पोकळी होते. छिन्नी, हातोडा आणि छोटी पहार पुरते.

तळाला, जुना पाया पाऊण मीटर रुंद आणि पक्का निघाला तर त्याच्याच डोक्यावर, पूर्ण रुंदीत, १.२ मीटर लांब आणि ३० सेंमी जाड आरसीसी पॅड. त्याखाली चौरस मीटरला सुमारे १४ टन येतात, घट्ट मुरमाला ते चालते. पॅडसाठी जोत्याचे दगड टप्प्याटप्प्याने काढा, एकदम सव्वा मीटर पोखरू नका. वर ६०० × ४०० मिमीचा खांब, १६ मिमीच्या १० सळ्या, ८ मिमीच्या रिंगा दर १५० मिमीवर, एम२० काँक्रीट. खांबातून बाजूच्या भिंतीत दर ४५ सेंमी उंचीवर १० मिमीच्या दोन सळ्या, ४५ सेंमी आत, टोकाला आकडा, भोवती काँक्रीटची मूठ. खांबाचा माथा गर्डरच्या तळाशी थांबवायचा. त्यावर गर्डरसाठी राखलेल्या ३५ सेंमीच्या जागेत तात्पुरते सागवानी ठोकळे पाचर मारून घट्ट बसवा. एक खांब भरून आठवडा झाला की दुसरी खाच काढा. दुसऱ्यालाही चौदा दिवस द्या.

यानंतरची गोष्ट नकाशावर दिसत नाही आणि ऐन वेळी काम अडवते. गर्डर ३.८ मीटर लांब आणि प्रत्येकी सुमारे १७० किलोचे आहेत. टेकू उभे राहिले की भिंत आणि टेकू यांच्यामध्ये जेमतेम दोन फुटांची गल्ली उरते. टेकूंच्या रांगेतून एवढा गर्डर वळवून आत घेता येत नाही. म्हणून टेकू लावण्याआधीच दोन्ही गर्डर, दोन्ही बाजूंना एकेक, भिंतीच्या पायथ्याशी आणून ठेवा. त्यांना झिंक प्राइमरचे दोन हात आणि बोल्टची भोके आधीच झालेली हवीत.

माडी रिकामी करा. पेट्या, कणग्या, जुने पलंग, सगळे खाली. भिंतीच्या वरच्या पट्ट्यातली कौलेही उतरवली तर उत्तम. मग दोन्ही खोल्यांत कड्यांखाली, भिंतीपासून एक मीटरवर, आडवी तुळई आणि तिच्याखाली दर मीटरला टेकू. याने माडीचे वजन भिंतीवरून उतरते. कुजलेल्या टोकांच्या कड्यांना स्वतंत्र टेकू द्या.

भिंतीसाठी निडल, म्हणजे भिंतीतून आरपार जाणारे आडवे गर्डर. पाच निडल, दर ६० सेंमीवर, कड्यांच्या मधल्या जागांतून, गर्डरच्या माथ्याच्या चार-पाच इंच वर. एका निडलवर भिंतीचे सुमारे तीन टन येतात, आणि येथे आयएसएमबी १५० व्यवस्थित पुरतो. ठेकेदार जो गर्डर दहा फुटांवर कायमचा टाकणार होता त्याची योग्य जागा ही: ६० सेंमी भिंत, १.८ मीटरचा गाळा, काही आठवडे. प्रत्येक टोकाखाली दीड टन येतो. तीन मीटरच्या आसपास उघडलेल्या साध्या एमएस प्रॉपच्या (स्क्रूने लांबी बदलणाऱ्या लोखंडी टेकूच्या) भरवशावर दीड टन सोडू नका, प्रत्येक टोकाला दोन प्रॉप द्या आणि सगळे प्रॉप आडव्या-तिरक्या पाइपांनी एकमेकांना बांधा.

प्रॉपखाली शहाबादी फरशी पुरेशी आहे असे समजू नका. फरशी मातीवर नुसती टाकलेली असते, पहिल्याच दिवशी तडकते आणि प्रॉप अर्धा इंच बसतो. तेवढ्याने वरच्या भिंतीला भेग जाते. पट्ट्यातली फरशी काढा, जमीन धुमसा, त्यावर २५ सेंमी रुंद आणि ७५ मिमी जाड लाकडी पाटे लांबीने टाका आणि प्रॉप पाट्यावर उभे करा.

निडलचे भोक पाडून निडल आत गेली की तिच्या वरच्या बाजूला आणि दगडात राहिलेली फट जवळजवळ कोरड्या मालाने आणि पोलादी पट्ट्यांनी ठासून भरायची. एक सिमेंट, दोन वाळू, पाणी इतकेच की मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे आणि तळहात ओला दिसता कामा नये. ओला माल आक्रसतो आणि फट परत येते. दोन दिवसांनी प्रॉपचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळत जा, सगळे आळीपाळीने, ते वजन घेऊ लागल्याचे हाताला कळेपर्यंत. भिंत वर उचलायची नाही.

टेकू लावायच्या आधीच भेगांवर काचेच्या पट्ट्या पीओपीने चिकटवा आणि त्यावर तारीख लिहा. पाण्याच्या लेव्हल ट्यूबने माडीच्या जमिनीच्या सहा जागा टिपून ठेवा. रोज सकाळी त्या मोजायच्या. ३ मिमीच्या वर फरक पडला किंवा काच तडकली तर काम थांबवून प्रॉप आवळायचे आणि अभियंत्याला बोलवायचे. भिंतीतून खरखर आवाज येऊन माती गळू लागली तर पहिल्यांदा माणसे बाहेर काढा.

गर्डर एका वेळी एका बाजूने. माजघराच्या बाजूने २२ सेंमी खोल, ३५ सेंमी उंच आडवी खाच, खांबापासून खांबापर्यंत. वरचे तोंड निडलवर आहे, पलीकडचे तोंड शाबूत आहे. दोन्ही बाजूंची खाच एकदम काढायची नाही, वेळ वाचवण्याच्या नादात हीच चूक सगळ्यांत जास्त होते. गर्डर दोन चेन पुलींनी उचला. पुल्या स्वतंत्र घोडीवर बांधा, निडलला किंवा कड्यांना लटकवू नका. खांबाच्या माथ्यावर १६ मिमीची पोलादी प्लेट ग्राउटमध्ये लेव्हलला बसवलेली असते, गर्डर तिच्यावर टेकतो.

गर्डर बसला म्हणजे काम झाले असे वाटते, पण भिंत अजून त्याच्यावर टेकलेलीच नाही. वरची फट साधारण ५ सेंमी. दर ३० सेंमीवर पोलादी पाचरांची जोडी समोरासमोरून ठोकून घट्ट करा, मध्यापासून दोन्ही टोकांकडे जात. पाचरा नीट आवळल्या की गर्डर आपला वाक आधीच घेतो, भिंतीला नंतर खाली यावे लागत नाही. मग उरलेली फट न आक्रसणाऱ्या ग्राउटने किंवा वरच्याच कोरड्या मालाने, लाकडी ठोकणीने ठासून, मागपर्यंत भरा. पुढून थापी मारून बंद केलेली आणि मागे पोकळ राहिलेली फट बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून हे काम चालू असताना स्वतः उभे राहा. चार दिवस थांबा. मग स्वयंपाकघराच्या बाजूने तेच सगळे परत.

दोन्ही गर्डर बसल्यावर त्यांच्यामध्ये वीस-पंचवीस सेंमीचे पोट उरते. याला आधार दिला नाही तर वरची भर तिथूनच खाली येईल. खालून थोड्या थोड्या लांबीत पोट मोकळे करून दोन्ही गर्डर दर ७५ सेंमीला १६ मिमी बोल्ट आणि मध्ये पाइपचे तुकडे घालून जोडा, तळाला फळी लावून मधली जागा बारीक खडीच्या काँक्रीटने वरच्या भरीला भिडेपर्यंत भरा. एका वेळी ६० ते ७० सेंमीच उघडायचे. हे सर्वांत कंटाळवाणे काम असते आणि गवंडी ते टाळायला बघतात. टाळू देऊ नका.

सात दिवसांनी निडल सोडायच्या. मधली आधी, मग बाजूच्या, एका दिवशी एक किंवा दोन. प्रॉप अर्धा फेरा सैल करा, रात्रभर थांबा, काच आणि लेव्हल बघा, मग काढा. भोके दगड आणि चुन्याच्या मालाने आतपर्यंत भरा. सगळ्या निडल निघाल्यावर खालची भिंत उतरवायची, गर्डरखालच्या थरापासून सुरुवात करून एकेक थर खाली. तळातून दगड ओढायचा नाही. दगड-माती मिळून जवळपास ९ टन निघते, म्हणजे ट्रॅक्टर ट्रॉलीच्या तीन खेपा. ढीग प्रॉपांजवळ रचू नका, रोजचा रोज बाहेर न्या. घडीव दगड वेगळे काढून ठेवा, अंगणाच्या पायऱ्यांना आणि जोत्याच्या दुरुस्तीला असा दगड आज मिळत नाही. कड्यांचे टेकू सर्वांत शेवटी, आणि खराब टोकांच्या कड्यांना आधी गर्डरवर पोलादी बूट किंवा शेजारी जोडकडी दिल्यावरच.

दोन्ही खांबांचे पाय जमिनीखालून एका आरसीसी पट्टीने जोडून घेतले तर चौकट पूर्ण होते आणि भूकंपाच्या आडव्या धक्क्याला काढलेल्या भिंतीची थोडी भरपाई होते. भूकंपभागात ही पट्टी ऐच्छिक समजू नका. ती करायची असेल तर सळ्यांची टोके पॅड भरतानाच बाहेर काढून ठेवावी लागतात, म्हणून आधी ठरवा.

गर्डरवर कोंबडी जाळी गुंडाळून सिमेंटचे प्लॅस्टर चालेल, उरलेल्या दगडी भिंतीवर मात्र चुन्याचेच करा. सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल कोंडते आणि मातीतली भिंत आतून मऊ होत जाते.

कोकणातल्या जांभ्याच्या घरासाठी हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. चिऱ्याच्या भिंतीला असे सुटे पोट नसते, त्यामुळे टाक्यांचे काम बहुधा वाचते, पण जांभा दगडानुसार मऊ-कठीण असतो आणि गर्डरच्या टेकणाखाली तो चुरडू शकतो. तिथे सगळे लक्ष टेकणाकडे द्यावे लागते.

काचेच्या पट्ट्या काम संपल्यावर लगेच काढू नका. एक पावसाळा आणि पुढचा एक उन्हाळा राहू द्या. नव्या खांबांखालची जमीन पहिल्या पावसात ओली होते तेव्हा ती किंचित बसते, आणि खांब व जुनी भिंत यांच्या सांध्यात केसासारखी उभी भेग येते. ती दिवाळीपर्यंत तेवढीच राहिली तर चुन्याने भरून टाका. गर्डरच्या वर, मध्यापासून तिरकी वर जाणारी भेग दिसली आणि ती महिन्यागणिक रुंदावत असेल, तर वरची फट कुठेतरी पोकळ राहिली आहे. तिथे प्लॅस्टर काढून, गर्डरखाली पुन्हा दोन प्रॉप देऊन, पाचरा नव्याने आवळून ती ठासून भरावी लागेल.